पाचवी चिमणी



या व्याख्यानाचा विषय मी फोनवर सांगितला तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांपैकी एकजण म्हणाले, "पाळकसाहेब, लोक दिवसभर चिंताच करतात. संध्याकाळी कपडे बदलून पुन्हा तीच ऐकायला येतील का?" सभागृह तर भरलेलं दिसतंय. म्हणजे एक तर इथला चहा चांगला असणार, नाहीतर विषय जवळचा असणार. (हशा)

या सभागृहात माझ्या मंडळीतले काही चेहरे दिसतात, पण बहुतेकजण ख्रिस्ती नाहीत. मी इथे उपदेश करायला आलेलो नाही. तो मी दर रविवारी करतो, आणि तिथे ऐकणाऱ्यांना मधेच उठून जायची सोय नसते. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते स्वतः देव मानत नव्हते. पण समोरचा माणूस कशाच्या आधारावर उभा आहे हे समजून घ्यायची त्यांना हौस होती. त्या हौशीला धरून मी आज बोलणार आहे. मला उत्तर द्यायचं आहे ते एका साध्या प्रश्नाचं. ख्रिस्ती माणूस जेव्हा म्हणतो की माझी काळजी देवाला आहे, तेव्हा तो नेमकं काय म्हणतो? असं म्हटल्यानं त्याला रात्री झोप लागते का? आणि लागत असेल, तर ती जागं राहून विचार केलेल्या माणसाची झोप असते, की प्रश्नाकडे पाठ फिरवलेल्या माणसाची?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला शेवटची एसटी गाठायची असेल तर हरकत नाही. ख्रिस्ती श्रद्धा चिंता काढून घेत नाही. ती चिंतेला बोलायला जागा देते, तिला एका दिवसाच्या मापात बसवते, आणि ती वाहायला दुसऱ्या माणसाचे हात आणून देते. देव काळजी वाहतो या वाक्याचा मला उमगलेला अर्थ एवढा आहे. आता क्रमानं बोलू.

पहिला मुद्दा, बोलायला जागा.

आमच्या मंडळ्यांमध्ये एक समज खोल रुजलेला आहे, आणि तो आमच्यापुरताच आहे असं मला वाटत नाही. ज्याची श्रद्धा पक्की त्याला चिंता होत नाही, आणि ज्याला चिंता होते त्याची श्रद्धा कच्ची, असा तो समज. त्यामुळे होतं काय? पोराची नोकरी गेलेली, कर्जाचे हप्ते थकलेले, छातीत धडधड, आणि वर अपराधीपणा. मुळात एक ओझं होतं, धर्मानं दुसरं आणून ठेवलं! तुमच्याकडे "नामस्मरण कमी पडतंय" म्हणतात, आमच्याकडे "प्रार्थना कमी पडते" म्हणतात. भाषा वेगळी, पण बोट रोखलेलं तसंच.

हे शास्त्राला धरून आहे का? मुळीच नाही. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. दीडशे स्तोत्रं आहेत, आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश स्तोत्रं ही सरळसरळ गाऱ्हाणी आहेत. देवा, किती दिवस? तू झोपलास का? मला विसरलास का? अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट तर अंधारातच होतो. तिथे दिलाशाची एक ओळ जोडून द्यायचा मोह रचणाऱ्यानं टाळला आहे. ज्या लोकांनी हा ग्रंथ पवित्र म्हणून जपला, त्यांनी ही गाऱ्हाणी गाळली नाहीत. उपासनेत म्हणायला ठेवली. याचा अर्थ काय होतो? देवासमोर रडगाणं गाणं हीसुद्धा उपासनाच आहे.

आता ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत त्या प्रेषित पौलाचं पाहू. चिंता करू नका असं फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहिणारा हाच माणूस, आणि तो ते तुरुंगातून लिहितो. आमच्या घराघरांतल्या भिंतींवर तो उपदेश चौकटीत लावलेला असतो. पण करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तोच पौल आपल्या हालअपेष्टांची यादी देतो. फटके, दगडमार, जहाज फुटणं, उपास, थंडी. आणि यादीच्या शेवटी काय येतं? सगळ्या मंडळ्यांविषयीची रोजची चिंता. रोजची बरं का! हे वाक्य मात्र मी कुणाच्या भिंतीवर पाहिलेलं नाही.

आणि स्वतः येशू? पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत तो व्याकूळ झाला, तीन मित्रांना म्हणाला की माझ्याबरोबर जागे राहा, आणि ते तिघंही झोपले. ज्या धर्माचा प्रभूच त्या रात्री घामानं निथळत होता, त्या धर्मानं घाबरलेल्या माणसाला अविश्वासी म्हणावं?

मला सर्वांत जवळचा वाटतो तो एलीया. हा मोठा संदेष्टा, राजाला तोंडावर सुनावणारा. कर्मेल डोंगरावर त्याचा विजय झाला आणि लगेच राणी ईजबेलनं त्याला ठार मारण्याची शपथ घेतली. हा गडी जीव घेऊन पळाला. बैरशेब्यापर्यंत गेला, तिथे चाकराला सोडलं, आणि एकटा दिवसभर रानात चालून एका रतामाच्या झुडपाखाली बसला. देवाला म्हणाला, पुरे झालं, आता माझा प्राण घे. आणि झोपी गेला. इथे आमच्यापैकी एखादा असता तर त्यानं एलीयाला गदगदा हलवून आशेवर प्रवचन दिलं असतं. देवानं काय केलं? देवदूत आला, त्यानं त्याला स्पर्श केला आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाण्याची सुरई होती. एलीयानं खाल्लं, पाणी प्यायला, आणि परत झोपला. देवदूतानं त्याला झोपू दिलं! दुसऱ्यांदा आला तेव्हाही पुन्हा खायलाच घातलं, आणि एवढंच म्हणाला की वाट लांबची आहे. उपदेश नाही, ठपका नाही. झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप. बोलणं झालं ते पुढे, चाळीस दिवसांनी.

म्हणून मी पाळक असूनही, किंवा पाळक आहे म्हणूनच, हे स्पष्ट सांगतो. ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, ज्याला जगणं नकोसं वाटतंय, त्याला डॉक्टरकडे न्या. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा 2022 पासून सुरू आहे, 14416 या क्रमांकावर फुकट बोलता येतं, तिथे फोन लावून द्या. गोळ्या सुरू असतील तर "प्रार्थना कर आणि गोळ्या सोड" हा सल्ला कुणी देत असेल, मग तो कितीही मोठा सेवक असो, त्याला सांगा की एलीयाच्या देवदूतानं आधी शरीराकडे पाहिलं. उपचार घेणं हा श्रद्धेचा पराभव नव्हे.

दुसरा मुद्दा. देव काळजी वाहतो म्हणजे करतो काय?

यासाठी आपल्याच माणसाकडे जाऊ. नारायण वामन टिळक. 1893च्या सुमाराला नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. धर्मावर बोलणं झालं, आणि त्या माणसानं त्यांना नव्या कराराची प्रत दिली. टिळक वाचत गेले आणि त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले ते अडकलेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घरात काय वादळ झालं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आपण वाचलेलं आहे, आणि वाचलं नसेल तर इथून घरी जाताना ग्रंथालयात डोकावा.

ज्या प्रवचनानं टिळकांना धरलं त्यातच चिंतेवरचा तो प्रसिद्ध भाग आहे. आकाशातली पाखरं पाहा, ती पेरीत नाहीत की कोठारं भरीत नाहीत. रानातली फुलं पाहा, शलमोन राजालाही असा पोशाख मिळाला नाही. वाचायला फार गोड. पण शेतकऱ्याच्या मनात लगेच शंका येते की नाही? पाखरं उपाशीही मरतात. फुलं उन्हानं करपतात. दुष्काळी मुलुखात हे बोलून दाखवा बरं!

येशूला हे ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं, आणि म्हणून त्याचं दुसरं एक बोलणं पहिल्याच्या शेजारी ठेवून वाचावं लागतं. त्या काळी बाजारात चिमण्या विकायला येत, खाण्यासाठी. गरिबाला परवडेल असं मांस ते. मत्तयाच्या शुभवर्तमानात भाव दिला आहे: एका नाण्याला दोन. ते नाणं म्हणजे मजुराच्या दिवसाच्या रोजाचा सोळावा हिस्सा. आणि लूकाच्या शुभवर्तमानात भाव आहे: दोन नाण्यांना पाच. हिशेब करा. एकाला दोन, तर दोनाला चार. मग पाचवी कुठून आली? पाचवी वर घातलेली आहे! बाजारात जिला किंमतच नाही अशी ती चिमणी. आणि येशू म्हणतो की त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही.

पण मत्तय पुढे काय म्हणतो ते ऐका. चिमणी जमिनीवर पडणारच नाही, असं तिथे म्हटलेलं नाही. ती पडते. मात्र पित्याला वगळून पडत नाही. मित्रहो, ख्रिस्ती सांत्वनाचा सगळा खरेपणा या एका ठिकाणी तपासला जातो. तुम्हाला काही होणार नाही असं वचन जो देतो तो सांत्वन करत नाही, तो खोटं बोलतो. रोग होईल, मूल दूर जाईल, भाव पडेल, माणूस मरेल. श्रद्धेचा दावा एवढाच की त्या पडण्यातही आपण कुणाच्या तरी नजरेत असतो.

इथे मला टिळकांची ती कविता आठवते, 'केवढे हे क्रौर्य!' शाळेत किती पिढ्यांनी पाठ केली असेल! घायाळ पक्षीण, रक्त गळतंय, तरी पडत-उठत घरट्यातल्या पिलांपर्यंत पोहोचणारी. ती कविता आपण पक्ष्यांवरच्या दयेची म्हणून शिकलो. आज मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जगाच्या लेखी क्षुल्लक अशा एका पाखराच्या पडण्याकडे हा कवी टक लावून पाहतो, नजर फिरवत नाही. पाहणं, आणि नजर न फिरवणं, ही काळजीची पहिली पायरी आहे. देवाकडून आमची अपेक्षा निदान तेवढी असते, आणि येशू म्हणतो की तेवढी ती पुरी होते.

"एवढ्यानं काय होतं? पडायचं ते पडलंच ना?" असं कुणाच्या मनात आलं असेल. रास्त आहे. पण माणसाला संकटानं जेवढा घाम फुटतो त्याहून जास्त फुटतो तो 'माझं काय झालं हे कुणाला कळणारसुद्धा नाही' या भीतीनं. ज्यांनी रात्री तीन वाजता छताकडे पाहत तास काढले आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही. पाचव्या चिमणीची गोष्ट त्या तीन वाजताच्या माणसासाठी आहे.

तिसरा मुद्दा, एक दिवस.

डोंगरावरील प्रवचन ऐकायला कोण बसलं होतं? गालीलातले कोळी, कुळं, रोजंदारीवर जाणारे. मत्तयाच्याच शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. सकाळपासून बाजारात उभे असलेले मजूर, संध्याकाळी पाच वाजले तरी काही तसेच उभे. का उभे आहात, विचारलं, तर म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. आपल्या शहरांत सकाळी आठ वाजता मजूर अड्ड्यावरून गेलात तर हेच दृश्य दिसेल. दहा वाजता तिथे जे उरतात त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहा. अशा लोकांना येशूनं प्रार्थना शिकवली, आणि तिच्यात भाकर मागितली ती किती? आजच्यापुरती. वर्षाची नाही, मुलीच्या लग्नापर्यंतची नाही.

त्याआधीही इस्राएल लोक रानात भटकत होते तेव्हा आकाशातून मान्ना, म्हणजे खायचं अन्न, पडायचा तो दिवसापुरताच. उद्यासाठी म्हणून ज्यांनी साठवला त्यांच्या मान्नात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. म्हणजे तरतूद करायला मनाई नव्हती. ती कुठवर करायची याला माप होतं. विमा काढू नका, बियाणं राखू नका, असं इथे कुणी सांगत नाही. उद्याचं काम आज करता येतं, त्याला नियोजन म्हणतात. उद्याचं दुःख आज भोगता येत नाही, तरी आपण ते भोगायचा प्रयत्न करतो, आणि ते दोनदा भोगतो. कधी कधी तर ते येतच नाही आणि तरीही एकदा भोगून झालेलं असतं!

याचा एक धडधडीत दाखला आपल्या महाराष्ट्रात आहे. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीनं पिचलेल्या मुली आणल्या. पुण्यात त्याच सुमाराला प्लेग. केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांनी या मुलींची सोय केली. मग 1899-1900चा दुष्काळ, गुजरात-राजपुतान्यातला. पुन्हा मुली, पुन्हा बायका. 1900च्या सुमाराला तिथे दीड हजाराच्या वर माणसं होती, शिवाय गुरं, शिवाय बांधकाम चाललेलं. आणि पाऊस नाही.

रमाबाईंनी त्या दिवसांतल्या विहिरींचं वर्णन करून ठेवलं आहे. काही विहिरी आटल्या. ज्या चालू होत्या त्यांचं पाणी रोज संध्याकाळपर्यंत संपायचं, तळ दिसायचा. उद्या काय, हा प्रश्न रोज संध्याकाळी विहिरीच्या काठावर उभा. आणि सकाळी पाहावं तर पाणी आलेलं असायचं, त्या दिवसाला पुरेल इतकं. संध्याकाळी पुन्हा तळ.

आता मला माहीत आहे, तुमच्यातले शेतकरी मनात काय म्हणताहेत. रात्रभर उपसा बंद असला की झरे भरतात, विहिरीला पाणी चढतं, यात चमत्कार कसला? अगदी कबूल! मीही नगर जिल्ह्यातला आहे, विहिरीचं पाणी रात्रीत चढतं हे मला शिकवायला नको. पण माझा मुद्दा सकाळच्या पाण्याचा नाहीच. माझा मुद्दा संध्याकाळच्या तळाचा आहे. दीड हजार तोंडं, समोर कोरडा तळ. त्या वेळी कुठलाही व्यवहारी माणूस म्हणाला असता की निम्म्या मुलींना परत पाठवा, नव्या घेऊ नका, बांधकाम थांबवा. बाईंनी काय केलं? प्रार्थना केली, झोपल्या, आणि सकाळी पोहरे आत सोडायला लावले. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. हे एक-दोन दिवस नव्हे, पाऊस येईपर्यंत. तुम्ही त्याला दैवी म्हणा की भूगर्भातलं म्हणा. त्या संध्याकाळी पळून न जाण्याचं बळ कुठून आलं, हे तर सांगावं लागेल ना?

आणि ही बाई भोळी नव्हती. तिच्याइतकं उद्ध्वस्त होणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई, थोरली बहीण, तिघंही 1870च्या दशकातल्या दुष्काळाच्या फेऱ्यात गेली. भाऊ श्रीनिवास 1880 मध्ये गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी लग्न झालं, आणि 1882 मध्ये पटकीनं नवरा गेला. पदरात तान्ही मनोरमा. वय चोवीस पुरं नाही. पुढे 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, पण तेव्हाही मनाला स्वस्थता आली नव्हती, ती यायला आणखी आठेक वर्षं गेली, हे त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. श्रद्धेचं बटण दाबलं आणि धीराचा दिवा लागला, असं रमाबाईंच्या बाबतीतसुद्धा झालं नाही. तुमचं-माझं झालं नाही तर त्यात लाज कसली?

चौथा आणि शेवटचा मुद्दा, हात.

आईवडील आणि बहीण गेल्यानंतरच्या भटकंतीत तरुण रमाबाई आणि त्यांचा भाऊ झेलम नदीच्या काठी होते. कडाक्याची थंडी, अंगावर पुरेसं पांघरूण नाही. दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत शिरले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून वाळू अंगावर ओढून घेतली. हीच मुलगी वीस-एक वर्षांनी दुष्काळाच्या मुलखात उभी राहते आणि रस्त्यालगत बसलेल्या, हाडं उरलेल्या मुली पाहते. दुसऱ्या कुणाला त्या 'दुष्काळग्रस्त' दिसल्या असत्या. यांना त्या आपल्याच वाटल्या. त्यांना घेऊन त्या रेल्वेनं निघाल्या.

आता सांगा, त्या मुलींच्या बाजूनं पाहिलं तर देवानं त्यांची काळजी कशी वाहिली? आकाशातून मान्ना पडला का? नाही. लुगडं नेसलेली, कमी ऐकू येणारी, एक ठेंगणी बाई आली. तिनं त्यांना जेवू घातलं, मग विणकाम शिकवलं, तेलाचा घाणा शिकवला, छापखान्यात खिळे जुळवायला शिकवलं. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवायचं काम मनोरमेनं केलं. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, आणि ते जुळवणाऱ्या-छापणाऱ्या याच मुली होत्या. 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक. आईनं काम सोडलं नाही. भाषांतर हातावेगळं केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या.

मनोरमेच्या मरणाचा अर्थ काय, असं मला विचाराल तर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्या पाळकाकडे अशा प्रश्नांची उत्तरं तयार असतात त्याच्यापासून थोडं लांब बसा. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडून कारणमीमांसा सुरू केली आणि सगळं बिघडलं!

पाळकाच्या कामात दवाखान्यांचे व्हरांडे पुष्कळ पाहावे लागतात. आयसीयूच्या बाहेरचा तो बाक. एका बाजूला चपलांचा ढीग, दुसऱ्या बाजूला गुंडाळलेल्या चटया, आणि बाकावर एक बाई हातात औषधांची चिठ्ठी घेऊन नुसती बसलेली. भेटायला येणारे येतात. "देवावर विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल," म्हणतात आणि जातात. ती मान हलवते. मग आमच्या महिला मंडळातली एक मावशी येते. हातात पिशवी, पिशवीत डबा आणि गरम पाण्याची बाटली. ती काही बोलत नाही. चिठ्ठी हातातून काढून घेते, वाचते, बरोबर आलेल्या पोराला मेडिकलमध्ये पिटाळते. विचारते, "रात्री कोण थांबणारंय? तू घरी जाऊन आंघोळ कर, मी बसते. पोरांच्या शाळेचं काय केलंस? बिल किती झालं?" नंतर डबा उघडते, आणि दोन घास पोटात गेल्यावर मगच म्हणते, "आता प्रार्थना करू." ती प्रार्थना जेमतेम मिनिटाची असते. पण ती बाई तेव्हा पहिल्यांदा रडते.

ही मावशी देवविज्ञान शिकलेली नाही. पण रतामाच्या झुडपाखालचा क्रम तिला बरोबर ठाऊक आहे. आधी भाकर, मग पाणी, मग झोप, मग बोलणं.

म्हणजे देव काही करत नाही, सगळं माणसंच करतात, असं म्हणायचं का? गुरुजी असते तर त्यांनी हाच प्रश्न विचारला असता. माझं उत्तर असं. त्या मावशीला विचारा की तू कशाला येतेस, तुझ्या घरी कामं नाहीत का? ती म्हणेल, "माझ्या वेळेला प्रभूनं माझ्याकडे पाहिलं." तिच्या वेळेलाही डबा कुणीतरी माणसानंच आणला असणार. पण तिनं त्या डब्यामागे आणखी कुणाचा तरी हात ओळखला, आणि म्हणून तिला ते उपकार वाटले नाहीत, देणं वाटलं. उपकार फेडून मोकळं होता येतं. हे देणं पुढच्याला द्यावं लागतं. माझ्या मते श्रद्धेनं पडणारा फरक हा आहे, आणि तो लहान नाही.

थोडक्यात गोळा करतो. चिंता झाली म्हणून श्रद्धा मेली असं समजू नका. गाऱ्हाणं मांडा, आणि गरज असेल तर डॉक्टरसमोरही मांडा. चिमणी पडतच नाही असं कुणाला सांगू नका. पाचवीसुद्धा विसरली जात नाही एवढं सांगा. उद्याची तरतूद आज करा, पण उद्याचं दुःख उद्यावर सोडा. आणि देवाला ज्याची काळजी आहे असं तुम्ही म्हणता, त्याच्या बाकापर्यंत जा.

माझ्या ख्रिस्ती बांधवांना एक शेवटचं सांगतो. पुढच्या वेळी कुणाला "चिंता करू नकोस" म्हणायचं असेल तर आधी त्याला विचारा की रात्री कोण थांबणार आहे. उत्तर 'कुणी नाही' असं आलं तर तुमचं वाक्य गिळून टाका आणि थांबा. आणि जे इथे देव न मानणारे बसले आहेत त्यांच्याशी माझं भांडण नाही. ज्याची श्रद्धा आहे त्यानं प्रार्थना करावी आणि डबा भरावा. ज्याची नाही त्यानं नुसता डबा भरावा. बाकावर बसलेल्या बाईला भूक लागलेली आहे, आपल्या वादाचा निकाल लागेपर्यंत तिला थांबायला लावू नये.